न दिसणारं नुकसान

कोणत्याही उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात शिरले की माझी नजर आधी वर जाते. शेगड्यांवरचा पत्र्याचा हूड, त्याच्या जाळ्या, आणि धूर बाहेर नेणारा डक्ट जिथून भिंतीत शिरतो तो कोपरा. मी विम्याच्या दाव्यांची पाहणी करते. नुकसान होऊन गेल्यावर मला बोलावणं येतं, त्यामुळे चालत्या-बोलत्या, धडधाकट स्वयंपाकघरातही जे अजून व्हायचं राहिलंय तेच मला आधी दिसतं. जाळीवरचा ओशट थर किती जाड आहे, फ्रायरच्या शेजारी विझवण्याचं काय ठेवलंय, वर लटकवलेल्या अग्निशामक सिलिंडरच्या तपासणीची तारीख कोणती. ही सवय कामातून लागली आणि आता ती जाणार नाही. तिचा मला त्रासही वाटत नाही, कारण या जागांवर आणि तिथं राबणाऱ्या माणसांवर माझा जीव आहे.

खाण्यापिण्याच्या धंद्यातला धोका म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आग येते. ते बरोबरच आहे. तळणीच्या तेलाची वाफ वर जाते, थंड पत्र्यावर बसते, घट्ट होते. रोज थोडी. बाहेरची जाळी रोज पुसली जाते कारण ती दिसते. डक्टच्या आतला चिकटा मात्र तसाच वाढत राहतो. मग एखाद्या दिवशी कढईतली ज्वाला जरा उंच उठते, पंखा तिला वर ओढतो, आणि ज्या पंख्यानं धूर बाहेर काढायचा तोच आगीला हवा पुरवतो. खाली शेगडीपाशी सगळं विझलेलं असतं आणि भिंतीच्या आतून आग छपरापर्यंत पोचलेली असते. अशा जळिताच्या जागी उभं राहिलं की कळतं, सुरुवात कढईत झाली तरी खरं नुकसान डक्टनं केलं.

तेलाच्या आगीबद्दल एक गोष्ट मी भेटेल त्या आचाऱ्याला सांगते. पूर्वी अनेक ठिकाणी प्राण्यांच्या चरबीत तळत असत. पुढे वनस्पती तेलं आली. त्यांना आपोआप पेट घ्यायला जास्त तापमान लागतं, म्हणजे ती पेटतात तेव्हा फारच तापलेली असतात. शिवाय नवे फ्रायर उष्णता चांगली धरून ठेवतात, त्यामुळे तेल लवकर निवत नाही. जुन्या कोरड्या पावडरच्या यंत्रणा ज्वाला विझवत, पण खालचं तेल तितकंच तापलेलं राही आणि क्षणभरानं पुन्हा भडका उडे. हे लक्षात आल्यावर 1994 मध्ये अमेरिकेत यूएल 300 नावाची नवी कसोटी लागू झाली आणि ओल्या रसायनांच्या यंत्रणा सर्वत्र आल्या. त्या रसायनातले पोटॅशियमचे क्षार तापलेल्या तेलाशी मिसळले की वरच्या थराचा अक्षरशः साबण होतो. तो फेस तेलाला झाकतो आणि निववतो. तेलावर पाणी टाकू नये हे सगळ्यांना पाठ असतं. आपल्या डोक्यावर बसवलेली यंत्रणा कोणत्या पिढीतली आहे, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसतं. पॉलिसीत ते विचारलेलं असतं. डक्ट ठरावीक मुदतीनं जाणकाराकडून साफ करून घेण्याची अट असते, आणि ती पावती मालकाच्या हाताशी नसेल तर दावा तिथंच अडतो.

तरीही सांगते, आग हा या धंद्यातला सर्वांत समजूतदार धोका आहे. विम्याला आग कळते. मालमत्तेचा विमा तर तिच्यातूनच घडला. 2 सप्टेंबर 1666 च्या पहाटे लंडनच्या पुडिंग लेनमधल्या टॉमस फॅरिनरच्या बेकरीत आग लागली आणि पुढच्या काही दिवसांत तेरा हजारांहून जास्त घरं जळाली. त्यानंतरच्या वर्षांत निकोलस बार्बन या माणसानं घरांचा आगीपासून विमा उतरवायला सुरुवात केली. आज आपण ज्याला आगीचा विमा म्हणतो त्याची मुळं एका पाव भाजणाऱ्याच्या भट्टीपर्यंत जातात, ही गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटते. काय जळलं, कुठं जळलं, कधी जळलं, त्याची किंमत काय होती. हे चार प्रश्न विमा तेव्हापासून विचारत आला आहे आणि त्यांची उत्तरं तो उत्तम रीतीनं हाताळतो.

अडचण अशी की अन्नाच्या धंद्यातली सर्वांत मोठी नुकसानं या चार प्रश्नांत बसत नाहीत. तिथं काहीच जळलेलं नसतं. भांडी जागच्या जागी, दिवे चालू, गल्ल्यावर माणूस बसलेला. फक्त लोक यायचे थांबलेले असतात. किंवा दूरच्या एखाद्या रुग्णालयात कुणीतरी भरती झालेलं असतं आणि डॉक्टर विचारत असतात, गेल्या काही दिवसांत तुम्ही काय काय खाल्लंत?

दूषित अन्न बहुतेक वेळा दिसायला, वासाला, चवीला अगदी चांगलं असतं. अन्न नासवणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे वेगळे. पहिले वासानं ओळखता येतात, दुसऱ्यांची चाहूलही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये अंदाज मांडला होता की दूषित अन्नामुळे जगात वर्षाला सुमारे 60 कोटी लोक आजारी पडतात आणि सुमारे 4 लाख 20 हजार दगावतात. यातल्या बहुतेक आजारांचा माग लागत नाही, कारण खाणं आणि आजार यांत वेळ जातो. हिपॅटायटिस ए ची लक्षणं दिसायला 15 ते 50 दिवस लागू शकतात. लिस्टेरियाच्या बाबतीत हा काळ 70 दिवसांपर्यंत जातो, आणि लिस्टेरिया फ्रीजच्या थंडीतही वाढतो. आज वाढलेल्या एका ताटाचा जाब दोन महिन्यांनी विचारला जाऊ शकतो. म्हणून दायित्वाच्या, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई देणाऱ्या पॉलिसीत एक प्रश्न महत्त्वाचा ठरतो: घटना घडली त्या दिवशी चालू असलेली पॉलिसी लागू होणार, की दावा आला त्या दिवशीची? वर्षाअखेरीला कंपनी बदलताना हप्ता किती कमी झाला हे सगळे बघतात. दोन पॉलिसींच्या मधल्या फटीत जुनी ताटं पडली आहेत का, हे फार कमी जण बघतात.

न दिसणाऱ्या धोक्याची जबाबदारी कुणाची, याचा पाया ज्या खटल्यानं घातला तोही एका पेयाचाच. 1928 च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधल्या पेझली इथं मे डोनह्यू नावाची बाई एका कॅफेत बसली होती. मैत्रिणीनं तिच्यासाठी जिंजर बीअर मागवली. बाटली गडद काचेची होती, आतलं काही दिसत नव्हतं. थोडी पिऊन झाल्यावर उरलेली ओतताना बाटलीतून कुजलेली गोगलगाय बाहेर आली, असं तिचं म्हणणं होतं. ती आजारी पडली. आता पैसे मैत्रिणीनं दिलेले, माल कॅफेनं विकलेला. बाटली भरणाऱ्या स्टीव्हन्सनशी तिचा काहीच व्यवहार झालेला नव्हता. 1932 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायासनानं तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की तरीही उत्पादकाची तिच्याप्रती जबाबदारी आहे. माल ज्या स्वरूपात निघाला त्याच स्वरूपात तो शेवटच्या माणसापर्यंत पोचणार असेल आणि मध्ये कुणाला आत डोकावून बघता येणार नसेल, तर काळजी घेणं हे बनवणाऱ्याचं काम. गोगलगाय खरोखर बाटलीत होती की नाही, हे न्यायालयात कधी सिद्ध झालंच नाही. प्रकरण आपसात मिटलं. तत्त्व मात्र उरलं. आज डबाबंद, सीलबंद, पिशवीबंद जे काही विकलं जातं त्या सगळ्यामागे ती गडद बाटली उभी आहे.

जबाबदारीचं हे ओझं प्रत्यक्षात केवढं असतं ते 1993 च्या सुरुवातीला अमेरिकेत दिसलं. जॅक इन द बॉक्स या साखळीतले अपुरे शिजलेले बर्गर खाऊन सातशेहून जास्त लोक आजारी पडले आणि चार मुलं गेली. जंतू होता ई. कोलाय ओ157:एच7. वॉशिंग्टन राज्यानं मांस सुमारे 68 अंश सेल्सिअसपर्यंत शिजवण्याचा नियम आधीच केला होता. साखळी मात्र 60 अंशांच्या जुन्या मापानं चालत होती. आठ अंशांचा फरक. एवढ्या फरकानं मांसाच्या चवीत ग्राहकाला काही वावगं जाणवलं नसेल. थर्मामीटरला ते जाणवलं असतं. त्या चार मुलांचा विचार मनात आला की नुकसानभरपाई हा शब्द तोंडातून निघत नाही. विमा पैसे देतो आणि ते दिलेच पाहिजेत, उपचारांचा खर्च कुटुंबानं का सोसावा? पण या हिशेबाच्या कागदावर सही करणाऱ्या प्रत्येकाला हे उमजलेलं असावं की काही रकाने भरताच येत नाहीत.

आता पॉलिसीकडे येते, कारण इथं मोठा गैरसमज आहे. 'आमच्या मालाचा विमा आहे' असं मालक सांगतो तेव्हा बहुतेकदा त्याच्याकडे उत्पादन दायित्वाची पॉलिसी असते. तुमचा माल खाऊन कुणाला इजा झाली आणि त्यानं दावा लावला, तर ती त्याची भरपाई आणि वकिलांचा खर्च उचलते. बाजारात गेलेला माल परत मागवायचा खर्च तिच्यात सहसा नसतो. वाहतूक, साठवण, नष्ट करण्याचा खर्च, दुकानदारांचे परतावे, जाहिराती, रात्रंदिवस फोन घेणारी माणसं, सगळं वगळलेलं असतं. त्यासाठी माल परत मागवण्याची किंवा दूषिततेची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. शिवाय माल परत मागवल्यानं कुणालाच इजा झाली नाही, म्हणजे तुम्ही आपलं काम चोख केलंत, तर दायित्वाच्या पॉलिसीला काही करायला उरतच नाही. जितकी तत्परता जास्त, तितका खर्च स्वतःच्या खिशातून. माझ्या मते ही सर्वांत मोठी फट आहे, आणि छोट्या उत्पादकाला ती कुणीतरी आधीच समजावून सांगायला हवी. एजंटानं सांगितली नाही तर स्वतः विचारावी.

आणि दोष आपल्या घरात असेलच असं नाही. 2008-09 मध्ये अमेरिकेतल्या पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीच्या शेंगदाण्याच्या मालात साल्मोनेला निघाला. सातशेहून अधिक लोक आजारी पडले, नऊ जण गेले. कंपनी स्वतः फार मोठी नव्हती, पण तिची शेंगदाण्याची पेस्ट बिस्किटांत, आइस्क्रीममध्ये, खाऊच्या वड्यांत गेलेली होती. साडेतीनशेहून अधिक कंपन्यांना आपली मिळून हजारो उत्पादनं परत मागवावी लागली. त्यातल्या बहुतेकांनी त्या कारखान्याचं दारही पाहिलं नसेल. दूषित असल्याचं ठाऊक असताना माल पाठवल्याबद्दल कंपनीच्या प्रमुखाला 2015 मध्ये 28 वर्षांची शिक्षा झाली. त्या साडेतीनशे कंपन्यांनी काय करायला हवं होतं? पुरवठादाराच्या पॉलिसीची प्रत मागून घ्यायची, तिची रक्कम आणि मुदत तपासायची, जमलं तर तिच्यात आपलं नाव घालून घ्यायचं. आणि आपल्या कोणत्या बॅचमध्ये त्याची कोणती बॅच गेली हे तासाभरात सांगता येईल अशी नोंद ठेवायची. बॅचची नोंद असेल तर एका आठवड्याचा माल परत येतो. नसेल तर सगळाच.

याहून कठीण प्रसंग 2011 चा. त्या मे महिन्यात उत्तर जर्मनीत ई. कोलायच्या एका दुर्मिळ प्रकाराची साथ आली. जवळपास चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक जण गेले. हॅम्बुर्गच्या आरोग्य यंत्रणेनं स्पेनमधून आलेल्या काकड्यांवर बोट ठेवलं. काही दिवसांतच कळलं की काकड्यांवरचा जंतू वेगळा होता, साथीचा नव्हता. अखेर माग लागला तो मोड आलेल्या मेथीच्या दाण्यांचा. पण तोवर युरोपभर काकड्या, टोमॅटो, सॅलडची पानं कुणी हातात घेईना. एकट्या स्पेनमधल्या शेतकऱ्यांचं नुकसान आठवड्याला 20 कोटी युरोंच्या घरात असल्याचा अंदाज तेव्हा सांगितला गेला. युरोपीय संघाला शेतकऱ्यांच्या मदतीसाठी 21 कोटी युरोंची तरतूद करावी लागली. या काकड्यांना कोणती पॉलिसी लावायची? मालमत्तेची चालत नाही, काही जळलं-मोडलं नाही. दायित्वाची चालत नाही, त्यांनी कुणाला इजा केली नाही. माल परत मागवण्याची साधी पॉलिसीही अडते, कारण ती माल खरोखर दूषित आहे का असं विचारते आणि माल चांगलाच होता. सरकारी आदेशानं मागवलेला माल किंवा प्रतिकूल प्रसिद्धी यांसाठीचं वाढीव संरक्षण काही पॉलिसींमध्ये घेता येतं, पण ते मागून घ्यावं लागतं आणि त्याच्या मर्यादा छोट्या असतात. निर्दोष असणं हे विम्याच्या भाषेत संरक्षण नव्हे, हे मी त्या साथीच्या बातम्या वाचताना शिकले.

धंदा बंद पडल्याच्या काळातल्या उत्पन्नाची पॉलिसी, म्हणजे व्यवसाय खंडाचा विमा, याचीही हीच गत. तिची गाठ बहुतेक वेळा मालमत्तेच्या नुकसानीशी बांधलेली असते. आधी काहीतरी मोडायला हवं, मग उत्पन्नाचं बोलू. कोविडमध्ये दारं सरकारनं बंद केली आणि ही गाठ जगभर टोचली. ब्रिटनमध्ये नियामकानंच पुढाकार घेऊन पॉलिसींच्या नमुन्यादाखल निवडलेल्या मजकुरांवर खटला चालवला आणि 15 जानेवारी 2021 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं बऱ्याच अंशी विमाधारकांच्या बाजूनं निकाल दिला. ज्यांच्या पॉलिसीत साथीच्या रोगाचं किंवा सरकारी बंदीचं कलम होतं त्यांना आधार मिळाला. ज्यांच्या पॉलिसीत फक्त मालमत्तेच्या नुकसानीचं कलम होतं त्यांना नाही. एकाच रस्त्यावरच्या शेजारी-शेजारी दोन कॅफेंची नशिबं एका परिच्छेदानं वेगळी झाली असतील.

याच पॉलिसीत भरपाईचा काळ ठरवायचा असतो आणि तिथं मालक हात आखडता घेतात. नवी यंत्रं मागवून बसवायला किती महिने लागतील एवढाच विचार करतात. परवाने पुन्हा मिळायचे असतात, आचारी दुसरीकडे लागलेले असतात, रोजच्या गिऱ्हाइकांना दुसऱ्या जागेची सवय झालेली असते. दार उघडल्याच्या दिवशी धंदा पूर्ववत होत नाही. त्यापुढचे मंद महिनेही त्या काळात धरायला हवेत.

विमा रकमेचंही असंच. एक हिशेब कागदावर करून दाखवते. समजा सामान, यंत्रं, माल मिळून 100 चं आहे आणि हप्ता वाचवण्यासाठी 60 चा विमा उतरवला. नुकसान 20 चं झालं. मालकाला वाटतं, 60 पर्यंतचं संरक्षण आहे म्हणजे 20 पूर्ण मिळतील. मिळतात 12. उरलेल्या भागाचा विमा तुम्ही स्वतःच घेतला होता, असं पॉलिसी मानते. हा नियम मालमत्तेच्या बऱ्याच पॉलिसींत असतो. हे 12 ऐकल्यावर समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते पाहणं माझ्या कामातला सर्वांत जड भाग आहे. एका वर्षी नवं ओव्हन घेतलं, पुढच्या वर्षी मोठी कोल्ड रूम बांधली, आणि पॉलिसीत तीच जुनी रक्कम. एवढ्यावरून हे घडतं.

इतर धोके आहेत, ते थोडक्यात सांगते. ओल्या फरशीवर घसरणं, सुरीनं कापणं, भाजणं. यात कामगारांचा विमा लागतो आणि तो घेणं ही कृपा नव्हे. घरपोच नेणाऱ्याच्या दुचाकीचा विमा खासगी वापराचा असेल तर धंद्याच्या फेरीत झालेला अपघात त्यात बसत नाही. साखरेची नाहीतर पिठाची बारीक धूळ कोपऱ्यात साचू देऊ नये. 7 फेब्रुवारी 2008 रोजी अमेरिकेतल्या इंपीरियल शुगरच्या कारखान्यात साखरेच्या धुळीचाच स्फोट झाला आणि 14 कामगार गेले. बाहेरचा वीजपुरवठा गेल्यानं फ्रीजरमधला माल खराब झाला तर त्याचं कलम वेगळं असतं, त्याला काही तासांची प्रतीक्षा असते. 14 ऑगस्ट 2003 च्या दुपारी ईशान्य अमेरिका आणि कॅनडात सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली तेव्हा तिथल्या किती स्वयंपाकघरांनी हे कलम पहिल्यांदा वाचलं असेल! आणि आता गल्ला संगणकावर आहे. जुलै 2021 मध्ये एका सायबर हल्ल्यामुळे स्वीडनमधल्या कूप साखळीची शेकडो किराणा दुकानं बंद राहिली. शेल्फं भरलेली होती, पैसे घेता येत नव्हते.

या सगळ्यांत विम्याहून जुनी नसली तरी मला विम्याहून मोलाची वाटणारी एक पद्धत आहे. 1959 च्या सुमारास अमेरिकेत अंतराळवीरांसाठी अन्न बनवायचं काम पिल्सबरी कंपनीकडे आलं. अवकाशात पोट बिघडून चालणार नव्हतं. तयार अन्न तपासून ते सुरक्षित असल्याची खात्री द्यायची, तर प्रत्येक बॅचमधलं इतकं अन्न चाचणीतच संपणार होतं की खायला फारसं उरलंच नसतं. म्हणून हॉवर्ड बाउमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट्या बाजूनं सुरुवात केली: शेवटी तपासण्यापेक्षा धोका कुठं शिरू शकतो ते टप्पे आधी शोधा, प्रत्येक टप्प्यावर एक मर्यादा ठरवा, ती मोजा, मर्यादा ओलांडली तर काय करायचं ते आधीच लिहून ठेवा, आणि सगळं नोंदवा. हीच 'हॅसॅप' नावाची पद्धत. 1993 मध्ये कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं तिची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली आणि आज ती जगभरच्या नियमांत आहे. न दिसणाऱ्या गोष्टीला आकडा देऊन कागदावर आणणं, हे तिचं मर्म.

माझ्या कामात त्या कागदाचं वजन मी पाहिलंय. दोन कोल्ड रूमचे दावे आठवतात, दोन्हीकडे यंत्र बंद पडून माल गेला होता. पहिल्या ठिकाणी तापमानाची वही सुबक होती. प्रत्येक खान्यात 4, महिनाभर, एकाच पेनानं, एकाच झोकात. कुठल्याही कोल्ड रूमचा दरवाजा दिवसभर उघडझाप होतो. तापमान महिनाभर 4 वर खिळून राहत नाही. त्या वहीनं मालकाची बाजू उभी राहण्याऐवजी सगळ्याच कागदांवर शंका आली. दुसऱ्या ठिकाणची वही मळलेली, कडेला पिठाचे डाग. एका दुपारी 9 लिहिलेलं, शेजारी 'दरवाजाचं रबर निघालंय, मेकॅनिकला फोन केला, दुधाचा माल टाकला', खाली सही. पुढच्या दिवशी 5, मग 4, मग 3. त्या मालकाला माझ्याशी वाद घालावा लागला नाही. वाईट आकडे लिहिलेली वही खरी वाटते, कारण ती खरी असते. आणि त्याहून महत्त्वाचं, ते दुधाचे पदार्थ कुणाच्या ताटात गेले नाहीत.

म्हणून जंतू वाढतात त्या पट्ट्यात, म्हणजे पाच अंशांच्या वर आणि साठ अंशांच्या खाली अन्न किती वेळ राहिलं, हा प्रश्न मी विम्याचाच मानते. पाण्याचा फिल्टर कधी बदलला, हाही. 1990 मध्ये पेरिए या फ्रेंच कंपनीच्या बाटल्यांत बेंझिनचे अंश सापडले. सापडले ते अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत, जिथं हे पाणी शुद्ध म्हणून तुलनेसाठी वापरत. झऱ्यातल्या वायूत बेंझिन नैसर्गिकपणे असतं आणि ते गाळणारे फिल्टर वेळेवर बदलले गेले नव्हते. कंपनीनं जगभरातून 16 कोटी बाटल्या परत घेतल्या. फिल्टर बदलल्याची एक तारीख, एक सही. बाटली भरणाऱ्या कुठल्याही छोट्या कारखान्यात मी तो कागद मागते, आणि दहापैकी नऊ वेळा कपाटातली कुणाची तरी जुनी फाइल उघडावी लागते.

ॲलर्जीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथं अन्न दूषित नसतंच. ते सर्वांसाठी उत्तम असतं, फक्त एका माणसासाठी प्राणघातक. युरोपीय संघात 14 घटकांची माहिती ग्राहकाला देणं बंधनकारक आहे. तीळ, शेंगदाणा, दूध, मोहरी त्यात येतात. स्वयंपाकघर आपली पाककृती बदलत नाही, पण पुरवठादार सॉसचा घटक बदलतो आणि बाटलीवरची बारीक अक्षरं कुणी पुन्हा वाचत नाही. माल आत घेणाऱ्याला हे काम नेमून द्यायला हवं. वाढपी 'बहुतेक नसावं' म्हणाला तर ते उत्तर म्हणून चालत नाही. 'विचारून सांगतो' हे चालतं. आणि खरोखर जाऊन विचारण्याइतका वेळ त्याला गर्दीच्या तासातही मिळायला हवा.

पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी मी मालकांना एक आग्रह करते. एजंट आणि हिशेबनीस यांच्याबरोबर मुख्य आचाऱ्यालाही बसवा. नवा फ्रायर आला, गॅसची लाइन हलवली, तळघरात माल ठेवायला लागलो, या गोष्टी कंपनीला कळवायच्या असतात आणि त्या आचाऱ्यालाच ठाऊक असतात. बदल लपवल्यासारखा राहिला तर पॉलिसीचा पायाच डळमळतो. आचारी पहिल्यांदा गप्प बसतो. मग बोलायला लागला की थांबत नाही.

अशाच एका बैठकीत आचाऱ्यानं मध्येच विचारलं, "मॅडम, पोट बिघडलेलं पोरगं कामावर आलं तर त्याचा विमा आहे का?" मालकानं माझ्याकडे पाहिलं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं 2017 ते 2019 मधल्या उपाहारगृहांशी जोडलेल्या साथी तपासल्या तेव्हा ज्यांचं कारण सापडलं त्यातल्या सुमारे 40 टक्क्यांत आजारी कामगाराचा हात लागलेला होता, हे मी सांगितलं. मग आचारी म्हणाला, पोरं सांगत नाहीत, कारण सांगितलं की त्या दिवसाची मजुरी जाते. खोलीत कुणी काही बोललं नाही, पण मालकानं कागद पुढं ओढला आणि एका माणसाच्या दोन दिवसांच्या मजुरीचा आकडा लिहिला. शेजारी दायित्वाच्या पॉलिसीची वजावट लिहिली, म्हणजे प्रत्येक दाव्यात जी रक्कम त्याला स्वतः भरावी लागणार होती ती. दुसरा आकडा पहिल्याच्या कितीतरी पट होता. त्याच बैठकीत ठरलं की जुलाब, उलटी किंवा कावीळ असेल तर पगारी सुट्टी, आणि लक्षणं थांबल्यावर पूर्ण दोन दिवस जाईपर्यंत अन्नाला हात नाही. कावीळ असेल तर डॉक्टर परवानगी देतील तेव्हाच परत. ते वाक्य आचाऱ्यानं स्वतःच्या हातानं लिहून भांडी घासायच्या जागेवर चिकटवलं, कारण पोरं आल्या-आल्या तिथंच हात धुतात.